दहा राग आणि एक विसरलेली तबकडी



बार्शीच्या माणसाला छोट्या गाडीची गोष्ट नव्याने सांगायला नको. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे पुढचे कुर्डुवाडी, तेथून बार्शी गावापर्यंत ही गाडी धावू लागली. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. पुढे १९०६ मध्ये ती पंढरपुरास पोचली, १९११ मध्ये लातुरास, आणि १९२७ मध्ये मिरजेस. एकादशीला पंढरपूर करावे आणि बारशीला बार्शीच्या भगवंताचे दर्शन घेऊन उपवास सोडावा, अशी आपली जुनी रीत. त्या वारकऱ्यांची केवढी तरी सोय या गाडीने केली. आपण मात्र तिला काय म्हणत होतो? खेळण्यातली गाडी. चालत्या गाडीतून उतरावे, पाणी पिऊन यावे आणि पुन्हा चढावे, अशी थट्टा.

परंतु एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या ज्या इंग्रज अभियंत्याने ती उभारली, त्याने तिच्यात एक हिशेब मांडून दाखवला होता. प्रत्येक चाकावर सारखे वजन पडेल अशी रचना केली, तर अरुंद आणि हलक्या रुळांवरूनही भारी माल नेता येतो, हा तो हिशेब. तोच अनुभव गाठीशी घेऊन त्याने १९०४ मध्ये इंग्लंडातील लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्याची छोटी रेल्वे उभी केली. म्हणजे बघा, जिची आपण थट्टा करीत होतो तिच्यापासून साता समुद्रापलीकडचे लोक धडा घेत होते.

आज मला गाडीवर बोलायचे नाही. बोलायचे आहे ते गाण्याच्या एका तबकडीवर. पण दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. आपल्याच घरात तयार झालेली वस्तू आपण बाजूला टाकतो, आणि तिचे मोल दुसऱ्या कुणीतरी सांगावे लागते.

ही तबकडी निघाली १९८२ साली, मुंबईत. काढणारी कंपनी सगळ्यांच्या ओळखीची, कुत्र्याचे चित्र असलेली एच. एम. व्ही. तबकडीचे नाव इंग्रजी होते : ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. मराठीत सांगायचे तर ‘डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग’. वाजवणाऱ्याचे नाव चरणजित सिंग.

हे चरणजित सिंग कोण? तुम्ही त्यांचे नाव ऐकले नसेल, पण त्यांचे वाजवणे पुष्कळदा ऐकले असेल. १९४० साली मुंबईत त्यांचा जन्म झाला. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात ते गिटार वाजवीत, आणि पट्ट्यांची विजेवरची वाद्येही वाजवीत. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन अशा मोठमोठ्या संगीतकारांकडे त्यांनी काम केले. चित्रपट संपताना पडद्यावर नावांची मोठी यादी येते. तीत संगीतकार असतो, गायक असतो, गीतकारही असतो. पण मागे बसून वाजवणाऱ्या पन्नास-साठ माणसांची नावे त्या काळी कोण देणार? त्यांपैकीच हे एक. लग्नसमारंभांतून आणि जलशांतून त्यांचा स्वतःचा वाद्यवृंदही कार्यक्रम करी.

आता तो काळ आठवा. १९८० मध्ये ‘कुर्बानी’ आला, १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’ आला. पानाच्या ठेल्यावर, लग्नाच्या मांडवात, जत्रेच्या पाळण्याशेजारी, जिकडे तिकडे तोच धाडधाड ठेका. चरणजितसिंगांच्या मनात विचार आला की, या ठेक्यावर सिनेमाचीच गाणी का म्हणून? आपले राग का वाजवू नयेत? त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले की, तबला बंद ठेवला आणि डिस्कोचा ठेका लावून राग वाजवून पाहिले. एवढी साधी कल्पना!

हे साधण्यासाठी त्यांच्यापाशी तीन यंत्रे होती. तिन्ही जपानच्या रोलंड कंपनीची. पहिले ‘ज्युपिटर-८’, पट्ट्यांचे वाद्य. दुसरे ‘टी. आर. ८०८’, म्हणजे विजेवर ठेका धरणारी पेटी. आणि तिसरे ‘टी. बी. ३०३’, खर्जातले स्वर वाजवणारी चंदेरी रंगाची लहानशी डबी.

शिक्षकमंडळींना वर्गात सांगता यावे म्हणून या यंत्रांचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. तंबोऱ्यात तार कापते, बासरीत हवा कापते, संबळात कातडे कापते. कंपन झाले की स्वर निघतो. या यंत्रांत तार नाही, हवा नाही, कातडे नाही. तिथे वीजच एका सेकंदात शेकडो वेळा कमीजास्त होते, आणि कर्ण्यातून तिचा स्वर बाहेर पडतो. हा मूळ स्वर असतो कर्कश. मग तो गाळणीतून गाळायचा. उसाचा रस आपण फडक्यातून गाळतो ना, तसेच. गाळणी घट्ट केली की तीक्ष्ण अंश अडतात आणि आवाज मऊ, घुमणारा होतो. सैल केली की तो धारदार होतो. वाजता वाजता ही गाळणी फिरवत राहिले, तर तोंड उघडमीट करून कुणी ‘वाऽव’ म्हणावे तसा चमत्कारिक, ओलसर आवाज येतो. ‘३०३’ या डबीचा सगळा चमत्कार या गाळणीत आहे.

तिच्यात आणखी एक सोय होती. एका आवर्तनाला सोळा घरे. प्रत्येक घरात एक स्वर भरून ठेवायचा, मग यंत्र तेच आवर्तन न थकता फिरवत राहते. सोळा म्हटल्यावर आपल्याला त्रिताल आठवतो, पण इथली सोळा घरे म्हणजे सोळा मात्रा नव्हेत, चार मात्रांचे प्रत्येकी चार भाग. शिवाय एका घरातून दुसऱ्या घरात स्वर घसरत नेण्याची कळ होती. आता स्वरावरून स्वरावर घसरत जाणे याला आपण काय म्हणतो? मींड! जपानी अभियंत्याने ती कळ केली होती गिटारवाल्याच्या सोबतीसाठी. मुंबईच्या वादकाला तिच्यात मींड सापडली.

असे दहा राग या तबकडीत आहेत. ललित आहे, तोडी आहे, भूपाळी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी आहे. प्रत्येक राग सुमारे पाच मिनिटांचा. खाली ठेका एकसारखा चालू, मध्ये खर्जाची डबी घुमते आहे, आणि वर ज्युपिटरवर आलापासारखे, मग तानांसारखे वादन. रागाचे स्वर मोडलेले नाहीत. पहाटेचा ललित आणि रात्रीचा मालकंस कान असलेल्या माणसाला लगेच ओळखू येतात.

मग काय झाले? काही झाले नाही. तबकडी खपली नाही. कारण शोधायला फार दूर जायला नको. शास्त्रीय संगीताचा रसिक ‘डिस्को’ हा शब्द वाचून हात मागे घेणार. नाचणाऱ्या पोरांना हवी शब्द असलेली गाणी, त्यांना तोडी कशाला? आणि दुकानदाराने ती ठेवावी तरी कुठे? रविशंकरांच्या शेजारी की बप्पी लाहिरींच्या? ज्या वस्तूला आपले असे घर नसते, ती आधी अडगळीत जाते. चरणजितसिंगांनीही फार मनाला लावून घेतले नसावे. त्यांची रोजची कामे चालू राहिली.

गंमत अशी की, ज्या डबीवर त्यांनी हे केले तिचेही दैव तसेच निघाले. ‘टी. बी. ३०३’ १९८१ साली बाजारात आली. गिटारवाल्यांना ती किचकट वाटली, आवाजही खऱ्या गिटारसारखा नव्हता. १९८४ पर्यंत सुमारे दहा हजार नग काढून कंपनीने उत्पादन थांबवले. मग जुन्या बाजारात त्या मातीमोलाने विकल्या जाऊ लागल्या. अमेरिकेत शिकागो शहरातल्या काही होतकरू काळ्या तरुणांनी अशीच एक डबी मिळवली, तिची गाळणी वेडीवाकडी फिरवून पाहिली, आणि १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ नावाची तबकडी काढली. तिच्यापासून नाचाच्या संगीताचा एक नवा पंथच जगभर पसरला. त्याला ‘ॲसिड हाऊस’ म्हणतात. टाकून दिलेल्या डबीला मग सोन्याचा भाव आला.

आता गोष्टीचा दुसरा अंक. २००२ साल. एदो बाउमन नावाचे एक डच गृहस्थ, हिंदी चित्रपटसंगीताच्या जुन्या तबकड्यांचे शौकीन, हिंदुस्थानात हिंडत होते. दिल्लीच्या एका दुकानात त्यांना ही तबकडी सापडली. लावून पाहिली, आणि ते चकित झाले. हा आवाज तर शिकागोचा! आणि तबकडीवर साल आहे १९८२, म्हणजे शिकागोच्या पाच वर्षे आधीचे. त्यांनी चौकशी करून चरणजितसिंगांना मुंबईत गाठले. २०१० साली ती तबकडी त्यांनी पुन्हा काढली. मग देशोदेशींच्या वर्तमानपत्रांत लेख आले. काहींना तर हे खरेच वाटेना. कुणीतरी अलीकडे वाजवून जुनी म्हणून खपवली असेल, असा संशय घेण्यात आला. पण तबकडी खरी होती, तिचे साल खरे होते आणि वाजवणारा माणूस मुंबईत जिवंत होता.

सत्तरी ओलांडलेला हा वादक मग युरोपच्या रंगमंचावर गेला, आणि नातवंडांच्या वयाची मुले त्याच्या यमन-मालकंसावर नाचली. २०१५ च्या जुलैत मुंबईत त्यांचे निधन झाले. तबकडी निघाल्यापासून ती पुन्हा निघेपर्यंत अठ्ठावीस वर्षे गेली. आणखी पाच वर्षे उशीर झाला असता तर? तबकडी सापडली असती, पण शाबासकी घ्यायला माणूस उरला नसता.

इथे इतिहासाच्या शिक्षकांसाठी एक सावधगिरीची गोष्ट सांगावीशी वाटते. ही हकीकत कळल्यावर पुष्कळांनी ओरड केली की, ॲसिड हाऊस हिंदुस्थानात जन्मले, आम्ही पहिले! तुमचे विद्यार्थीही असेच म्हणतील. त्यांना थांबवा. पहिले असणे वेगळे आणि पुढच्याचे मूळ असणे वेगळे. शिकागोच्या मुलांनी मुंबईची तबकडी ऐकली होती याला काही पुरावा नाही. दोन्हीकडे यंत्र एकच होते. ते यंत्र विशिष्ट तऱ्हेने फिरवले की विशिष्ट आवाज निघतो. दोघांनी तो आपापल्या वाटेने गाठला. एक रागातून गेला, दुसरे गाळणीशी खेळता खेळता गेले. एवढे म्हणणे खरे आहे, आणि एवढ्यानेही चरणजितसिंगांचे मोठेपण तसूभर कमी होत नाही. खोटा मुकुट चढवण्याची त्यांना गरज नाही.

कुणी म्हणेल, अहो, पण विजेच्या यंत्रावर राग वाजवणे हे आपल्या परंपरेत बसते का? प्रश्न रास्त आहे. यंत्राच्या पट्ट्या बारा ठरीव स्वरांच्या, आणि आपल्या रागातली नाजूक श्रुती त्यांत पुरती सापडत नाही, हे खरेच आहे. पण हा आक्षेप नवा नाही. पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, अगदी हाच आक्षेप होता. पेटी मुळात युरोपातली. ती इकडे आली, १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला हाताने भाता घालायचे रूप दिले, आणि ती घरोघर गेली. आमच्या संगीत नाटकाने ऑर्गन आपलासा केला. गोविंदराव टेंब्यांनी पेटीला मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले. आणि तरीही खुद्द आकाशवाणीने १९४० पासून पेटीला आपल्या ध्वनिक्षेपणातून हद्दपार केले होते! १९७१ मध्ये ती बंदी सैल झाली, तीही टप्प्याटप्प्याने. आज पेटीवाचून कीर्तन उभे राहते का? भजनी मंडळाची बैठक बसते का?

एवढेच कशाला? आज तुमच्या गावच्या भजनी मंडळात तंबोऱ्याचा सूर कोण देतो? बहुतेक ठिकाणी विजेची तंबोरापेटी, नाहीतर मोबाईल. बंगळूरच्या राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास अशी पेटी तयार केली, आणि ती देव्हाऱ्यापर्यंत गेली. तिला कुणी परकी म्हणत नाही. तेव्हा यंत्र परके की आपले हे त्याच्या जन्मगावावरून ठरत नाही. आपण त्यातून काय वाजवतो, त्यावरून ठरते.

असाच दुसरा दाखला अहमदाबादचा आहे. तिथल्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत, म्हणजे एन. आय. डी. मध्ये, १९६९ साली डेव्हिड ट्यूडर नावाच्या अमेरिकन संगीतकाराने मूग नावाचे विजेचे वाद्य बसवून दिले. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी १९७२ पर्यंत त्यावर नाना प्रयोग केले आणि ते फितींवर उतरवले. मग यंत्र गेले, माणसे पांगली, आणि फिती संस्थेच्याच संग्रहात पडून राहिल्या. जवळजवळ पंचेचाळीस वर्षांनी पॉल पर्गस या इंग्लंडातल्या भारतीय वंशाच्या संगीतकाराने त्या शोधून काढल्या, आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक संगीत प्रसिद्ध झाले. सुदैवाने तिथे कुणी जुन्या फिती म्हणून त्या फेकून दिल्या नव्हत्या. सांगायला त्या शिल्लक राहिल्या म्हणून तर ही गोष्ट सांगता येते.

आता आपल्या बार्शीकडे वळतो. शाहीर अमर शेख यांचा जन्म बार्शीचा, १९१६ सालचा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या पहाडी आवाजाने मैदाने भरून गेली, ते अमर शेख. १९६९ मध्ये त्यांना अपघाती मरण आले. तो आवाज आज ऐकायचा तर मुद्रणांचाच आधार. त्यांच्यासारख्या थोरामोठ्याची ही कथा, मग गावोगावच्या लहान कलावंतांचे काय? १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली, आणि खेड्यापाड्यांत आवाज उतरवून ठेवण्याची सोय प्रथमच आली. कुणी आजीच्या जात्यावरच्या ओव्या भरून ठेवल्या, कुणी सप्त्यातले कीर्तन, कुणी पोतराजाचे गाणे, कुणी गावच्या बँडवाल्यांची वरात. त्या बँडात एखादे विजेचे कॅसिओ वाजवणारे पोरही असेल, आणि त्याने भैरवी स्वतःच्या ढंगाने वाजवली असेल. त्याला कुणी कलावंत म्हटले नाही. पण चरणजितसिंगांना तरी १९८२ साली कोण म्हणत होते?

या कॅसेटा आज कुठे आहेत? माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, नाहीतर भंगारवाल्याच्या पोत्यात. आणि त्या वाट पाहत नाहीत, बरं का. तबकडी नीट ठेवली तर पुष्कळ वर्षे टिकते, पण कॅसेटची फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोहाच्या भुकटीचा लेप. ओलीने तिला बुरशी लागते, पत्र्याखालच्या उन्हाने ती वाकते, लेप सुटतो. एकदा तो सुटला की आवाज गेलाच. डच गृहस्थाला दुकानात मिळालेली तबकडी कारखान्यातून निघालेली होती, तिच्या आणखी प्रती होत्या. तुमच्या आजीच्या ओव्यांची प्रत एकच आहे.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या सुट्टीत मुलांना एक काम द्या. घरात जुन्या तबकड्या, फिती, कॅसेटा काय आहेत ते पाहून या, आणि वहीत लिहून आणा. कुणाचा आवाज, कुठले गाव, कोणता प्रसंग, अंदाजे साल. वडीलधाऱ्यांना विचारा, कारण ओळखणारे माणूस गेले की आवाज उरतो पण नाव उरत नाही. तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. कॅसेटा चुलीच्या धुरापासून, उन्हापासून आणि कर्ण्याच्या लोहचुंबकापासून दूर ठेवा. बुरशी दिसली तर यंत्रात घालू नका, आधी जाणत्याला दाखवा. चांगल्या असतील त्या एकदा वाजवून मोबाईलवर तरी उतरवून घ्या, आणि ती प्रत दोन ठिकाणी ठेवा. याला पैसा फारसा लागत नाही. एक वही, एक चालू स्थितीतले कॅसेटयंत्र आणि पाच-सहा रविवार.

यातून प्रत्येक गावात चरणजित सिंग सापडेल असे मी म्हणत नाही. बहुतेक फितींत साधेसुधेच काही निघेल. खोकल्याचा आवाज निघेल, मध्येच कोंबडा आरवेल, कुणी ‘चालू झालं का रे?’ म्हणून विचारील. असू द्या. ते साधेसुधे आहे की थोर आहे, हे आज तुम्ही-आम्ही ठरवू शकत नाही. १९८२ साली दुकानदाराने ठरवले होते, आणि त्याचा अंदाज चुकला. आपल्या हाती एवढेच आहे की, पुढे जो कुणी शोधत येईल, तो बाहेरचा असो की आपलाच नातू असो, त्याला वस्तू सापडली पाहिजे.

छोट्या गाडीचे अडीच फुटी रूळ बार्शीतून गेले. तिचा हिशेब कॅलथ्रॉपने कागदावर उतरवला होता, म्हणून तो राहिला. आपल्या माळ्यावरच्या आवाजांचा हिशेब अजून कुणी लिहिलेला नाही. या रविवारी एवढी वही उघडा.